खंबाटकी येईपर्यंत एक टोपी

गावाकडचा लांबचा प्रवास, मांडीवर दोऱ्याचा गोळा आणि खिडकीबाहेर पाठ झालेला रस्ता. ठाण्याच्या एका कुटुंबातल्या सासू-सुनेची ही हकिकत.

ठाण्याहून पहाटे पाचला निघालेली गाडी कळंबोली ओलांडून द्रुतगती मार्गाला लागते तेव्हा पूर्वेला नुकते फटफटत असते. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसलेल्या आजी कापडी पिशवीत हात घालून सुती दोऱ्याचा गोळा आणि क्रोशाची सुई काढतात. चार साखळ्या घालून त्यांचा गोल जोडतात, त्या गोलात बारा खांब घालतात आणि मग मान वर करून खिडकीबाहेर बघत बसतात. हात चालूच राहतात.

"कुठवर आलं गं?" पुढच्या सीटवर डुलकी घेणारे आजोबा मधूनच विचारतात.

"तिसरी ओळ," आजी सांगतात.

तिसरी ओळ म्हणजे खालापूरचा टोलनाका, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक झाले आहे. वाढवायच्या ओळी संपल्या की लोणावळा आणि टोपी पुरी होऊन दोरा तोडायची वेळ आली की खंबाटकी. तिथून पुढे दुसरी टोपी. तिचा शेवट किणीच्या टोलनाक्याच्या आसपास होतो. नाश्त्याला फार वेळ मोडला, तर थोडा आधी.

कोल्हापूरजवळच्या आपल्या गावी हे कुटुंब वर्षातून दोनदा जाते. एकदा दिवाळीला आणि एकदा माघातल्या गावच्या यात्रेला. जवळजवळ पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता, थांबे धरून आठ तास. लग्न होऊन मुंबईकडे आल्यापासून आजी हा प्रवास करत आल्या आहेत. आधी एसटीने, मग भाड्याच्या जीपने, आता मुलाच्या गाडीने. शाळेतल्या नोकरीतून त्या 2014 साली निवृत्त झाल्या. क्रोशा त्याआधीपासूनच हातात होता, पण तो घरासाठी.

टीव्हीवरचा रुमाल

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या मराठी घरात क्रोशाचे काम कुठे नव्हते? दाराला तोरण, देव्हाऱ्याला पडदा, पाण्याच्या भांड्यावर मण्यांची किनार असलेली जाळी. घरात रेडिओ आला की रेडिओला रुमाल, टेलिफोन आला की टेलिफोनला, टीव्ही आला की टीव्हीला. पुढे टीव्ही भिंतीला चिकटला आणि रुमालाला बूडच राहिले नाही. मोबाइलवर रुमाल घालायचे अजून कुणाला सुचलेले नाही, एवढेच.

या कामाची एक गंमत अशी, की दोन सुयांच्या विणकामाची यंत्रे कधीच निघाली, पण खरा क्रोशा घालणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. दुकानात क्रोशासारखे दिसणारे यंत्राचे कापड मिळते, पण ते वेगळ्या पद्धतीने विणलेले असते. म्हणजे क्रोशाची कुठलीही वस्तू हातात घेतली, की तिचा प्रत्येक टाका कुणाच्या तरी बोटांतून गेलेला आहे हे नक्की समजावे. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा तिथल्या जोगिणींनी आपल्या मठांतून मुलीबाळींना हीच कला शिकवली आणि कित्येक घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणलेले हे काम आजही हजारो बायका घरी बसून करतात. 2024 मध्ये तिथल्या क्रोशाला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या बायकांच्या हाती पडणारी मजुरी फार थोडी असते, हा मात्र वेगळ्या लेखाचा विषय आहे.

गाडीत बसून करायला क्रोशाइतके सोयीचे विणकाम दुसरे नाही. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात. गाडीने करकचून ब्रेक मारला, सुई निसटली, की ओळच्या ओळ उसवते. क्रोशात उघडा असतो तो एकच टाका. सुई पडली तर फार तर दोन खांब जातील. अर्थात पुढच्या सीटवर बसून हे काम करू नये, कारण अपघातात समोरची हवेची पिशवी उघडली तर हातातली सुईच घात करायची. मागे बसावे, पट्टा लावावा, लोखंडी टोकदार सुईऐवजी बोथट टोकाची प्लॅस्टिकची किंवा बांबूची सुई घ्यावी आणि कात्री पिशवीच्या तळाशी ठेवावी. आजींच्या घरात हे नियम मुलाने घातले आहेत.

आजींचा स्वतःचा नियम एकच आहे, खाली बघायचे नाही. घाटात मान खाली घातली की त्यांना मळमळते. म्हणून गाडीतला नमुना असा निवडायचा, की बोटांनी चाचपून मोजता आला पाहिजे. पहिल्या ओळीत बारा खांब, दुसरीत प्रत्येक खांबात दोन म्हणजे चोवीस, तिसरीत छत्तीस, चौथीत अठ्ठेचाळीस आणि मग न वाढवता सरळ खाली. डोळे मोकळेच्या मोकळे. ज्या रस्त्याकडे एसटीत असताना पोरे, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळताना कधी धड बघायला मिळाले नव्हते, तो रस्ता त्यांनी साठी ओलांडल्यावर असा पाहिला.

पिवळी टोपी

या टोप्यांमागे एक गोष्ट आहे आणि ती घरात फारशी बोलली जात नाही.

2015 च्या पावसाळ्यात सुनेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. काचेच्या पेटीत तो नऊ दिवस होता. पेटीतल्या त्या इवल्या जिवाच्या डोक्यावर तिथल्या परिचारिकेने एक पिवळी टोपी चढवली होती. हाताने विणलेली, मऊ, धुऊन धुऊन थोडी फिकट झालेली. ती कुणी विणली आणि कुणी आणून दिली, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हते. नवव्या दिवशी कागदपत्रांच्या पिशवीतून ती टोपी घरी आली. सुनेने ती कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली.

बाळाला टोपी का घालतात? दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर जवळजवळ नसतोच. शरीराच्या मानाने डोके मोठे असते आणि तिथून ऊब झपाट्याने निघून जाते. अंग गार पडले की बाळाची सगळी शक्ती ऊब राखण्यात खर्ची पडते, वजन वाढत नाही, श्वासाला त्रास होतो. 1978 च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू मदर केअर या नावाने ती जगभर गेली आणि आता आपल्याकडच्याही अनेक रुग्णालयांत वापरतात. त्या पद्धतीत बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपी एवढेच असते. 2020 साली जगात अंदाजे 1 कोटी 34 लाख बाळे मुदतीआधी जन्मली, त्यांतली 30 लाखांहून अधिक भारतात. एवढ्या डोक्यांना टोप्या लागतात.

2016 च्या जानेवारीत आजींनी चेन्नईची बातमी वाचली. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटातल्या बायकांनी देशातून आणि परदेशांतून क्रोशाची पांघरुणे विणून पाठवली होती आणि ती एकमेकांना जोडून 11,148.5 चौरस मीटरचे एकच प्रचंड पांघरूण तयार झाले होते. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पण आजींच्या मनात भरला तो विक्रम नव्हे. नंतर ती पांघरुणे पुन्हा सुटी करून गरजूंना वाटायची होती, हा तपशील त्यांना आवडला. आपल्याही हातांना काही करता येईल, असे त्यांना वाटले. त्यांनी घरातली शिल्लक ऍक्रिलिक लोकर काढली आणि दोन महिन्यांत तीस टोप्या केल्या. गुलाबी, निळ्या, कुणाला गोंडा, कुणाला बांधायच्या नाड्या, एकीला तर मोत्याचे फूल. नीट घड्या घालून त्या एका रुग्णालयात घेऊन गेल्या.

तिथे त्या घेतल्या नाहीत.

परिचारिका वाईट बोलली नाही. तिने एक टोपी उलटी करून दाखवली. या लोकरीची कुसे निघतात, ती बाळाच्या नाकातोंडात जातात. कडक गरम पाण्यात धुतली की आकार बिघडतो. नाडी गळ्याभोवती अडकू शकते, मोती सुटू शकतो. आणि माप? तिने आजींच्या टोपीत आपली मूठ घालून दाखवली, मूठ आत सैल फिरत होती. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34 ते 35 सेंटीमीटर असतो, पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्याचा 25-26 च्या आसपास. म्हणजे एखाद्या मोठ्या मोसंबीएवढे डोके.

आजी तीस टोप्यांची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने परत आल्या. दोन दिवस रागात गेले. फुकट देतोय तरी नखरे, हे वाक्य त्या काळात त्यांनी फोनवर बहिणीला तीनदा ऐकवले. मग एक दिवस भाजी आणताना त्यांनी मोसंबी घेतली, घरी येऊन तिला टेप लावली आणि सुती दोरा विकत आणला.

दानाच्या विणकामात बहुतेकींची पहिली चूक हीच असते. घरात उरलेली लोकर, आपल्याला आवडणारा नमुना, आपल्याला असलेला रिकामा वेळ, हे सगळे धरून वस्तू होते आणि शेवटी घेणारा शोधला जातो. खरे तर आधी विचारायला हवे. केमोथेरपी घेणाऱ्यांच्या डोक्याची त्वचा हुळहुळी झालेली असते. तिथे लोकर टोचते, मऊ सुती टोपीच चालते, तीही आतून गाठ न लागणारी. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी सुती दोऱ्याचे हलके कृत्रिम स्तन विणून मोफत देण्याची चळवळ 2011 मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि भारतातल्या बायकाही आता ते काम करतात. त्यात मापाचा काटेकोरपणा ब्लाऊज शिवणाऱ्या शिंप्यापेक्षा जास्त लागतो. डेन्मार्कमध्ये 2013 पासून मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस करतात. बाळाने नळ्या ओढण्याऐवजी त्याचे पाय धरावेत, ही कल्पना. त्याचे पाय ताणले तरी 22 सेंटीमीटरपेक्षा लांब होता कामा नयेत, दोरा शंभर टक्के सुती आणि 60 अंशांच्या पाण्यात धुता येणारा हवा, असे नियम आहेत. त्याच्या उपयोगाचा भक्कम शास्त्रीय पुरावा नाही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी परवानगीही मिळत नाही. डॉक्टरांना न विचारता असले काही नेऊन देऊ नये, हेच बरे.

आजींच्या नव्या टोप्या दुसऱ्या खेपेला घेतल्या गेल्या. अकरा होत्या. गोंडा नाही, नाडी नाही, सगळ्या पांढऱ्या आणि पिवळ्या.

कानिफनाथ सतरा

त्याच वर्षीच्या दिवाळीत गावी जाताना आजींनी गाडीत टोपी विणायला घेतली. कामशेत गेल्यावर सुनेने सहज शेजारी पाहिले. मांडीवर ती मोसंबीएवढी पिवळी टोपी. ती काही बोलली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली आणि सातारा येईपर्यंत तिने मान वळवली नाही.

आजींनी सुई पिशवीत टाकली. त्यानंतर कितीतरी वर्षे त्यांनी गाडीत टोपी काढली नाही. टोप्या दुपारी, सून कचेरीत असताना. गाडीत पांघरुणाचे चौकोन.

2017 मध्ये नात झाली, पुऱ्या दिवसांची, धडधाकट. चार वर्षांची झाल्यावर ती गाडीत गप्प बसेना, म्हणून आजींनी तिला रस्ता मोजायला लावले. या रस्त्यावर मोजण्यासारखे पुष्कळ आहे. एक खंडाळा घाटावर येतो आणि पुणे ओलांडून शिरवळ गेले की पुन्हा एक खंडाळा येतो, तेव्हा नात दर वेळी ओरडते, "बाबा, तुम्ही परत फिरलात!" तिच्या बाबांनी या विनोदावर दर वेळी हसायचे असते. जुन्या बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. रेल्वेच्या साहेबांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. जुन्या रस्त्याने गेले तर आजोबा काच खाली करून तिथे नाणे टाकतात. अमृतांजन पूल मात्र नातीने पाहिल्याचे तिला आठवत नाही. 1830 सालचा तो दगडी पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला. आजोबांना अजून त्या वळणावर मान वर करायची सवय आहे.

मग रसवंती गृहे. उन्हाळा जवळ आला की माघातल्या फेरीला ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसू लागतात, चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज धावत्या गाडीतही ऐकू येतो. त्यांची नावे वाचायला लागल्यावर नातीच्याच लक्षात आले, की निम्मी कानिफनाथ आणि उरलेल्यांतली बरीच नवनाथ. या धंद्यात पुरंदर तालुक्यातली मंडळी फार. त्यांच्या बोपगावजवळ कानिफनाथांचा डोंगर आहे, म्हणून पोटापाण्याला कुठेही गेले तरी पाटीवर नाथ. एका फेरीत सतरा कानिफनाथ, हा तिचा आजवरचा उच्चांक आहे.

आजींनी या मोजणीचे पांघरूण केले. राष्ट्रीय महामार्गाच्या मैलाच्या दगडाचे डोके पिवळे असते, म्हणून एक चौकोन पिवळा. जुन्या वडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे असत, म्हणून पांढरा-तांबडा. रुंदीकरणात ते वड गेले, चौकोन राहिला. एसटीचा लाल, उसाचा हिरवा आणि गुऱ्हाळाच्या कढईतला गुळाचा रंग. तो दुकानात नेमका मिळेना म्हणून दोन दोरे एकत्र धरून विणला.

पण पांघरूण कुणाला? याचे उत्तरही रस्त्यानेच दिले.

कऱ्हाडच्या पुढे साखर कारखान्यांचा मुलूख सुरू होतो. हंगामात बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीची माणसे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचे. रस्त्यापासून थोडे आत, मोकळ्या शेतात त्यांच्या कोप्या असतात. बांबू, चटई आणि उसाचे पाचट यांची टोकदार झोपडी, आत माणूस जेमतेम ताठ उभा राहील एवढी. या कोप्या आजींनी लग्नापासून पाहिल्या होत्या. फोटोत मागे डोंगर असावा तशा. हात गुंतलेले आणि डोळे मोकळे असताना एका माघात त्यांना पहिल्यांदा कोप्यांच्या पुढची पोरे दिसली. सकाळचे अकरा वाजून गेले होते, तरी दोघेतिघे एकाच फाटक्या चादरीत गुरफटून उन्हाला बसले होते. नदीकाठची थंडी, खाली ओली जमीन.

पुढच्या फेरीला गाडी तिथे थांबवली. आजी तीन पांघरुणे घेऊन उतरल्या. कोपीतली बाई बाहेर आली, पांघरुणाला हात लावून पाहिले आणि म्हणाली, "केवढ्याला?"

विकायला नाही आणली म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. मग बसला, तेव्हा तिने मोकळेपणाने सांगितले, की नक्षी झ्याक आहे, पण भोकांतून वारा शिरतो. आणि पांढरे नको, इथे धुवायला पाणी कुठले. रुग्णालयातल्या परिचारिकेनंतर आजींना मिळालेला हा दुसरा धडा. या वेळी राग आला नाही. घट्ट टाक्यांचे, जाड लोकरीचे, तपकिरी आणि गडद निळे असे पांघरूण त्यांनी पुढच्या वर्षभरात विणले आणि त्याला मागून जुन्या लुगड्याचे अस्तर लावले. गाडीत एक फेरीला दोन चौकोन होतात, बाकीचे घरी. वर्षाला तीन पांघरुणे, त्यापेक्षा जास्त नाही. कोप्या मात्र शेकड्यांनी आहेत आणि मुलांना पांघरुणाआधी शाळा हवी, पक्के छप्पर हवे, आईबापांच्या मजुरीचा नीट हिशोब हवा, असे मुलगा गाडी चालवता चालवता म्हणतो. आजी त्याच्याशी वाद घालत नाहीत. त्या फक्त विचारतात, मग थंडी तोवर थांबते का?

टोपीची सुई

दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना नातीला साड्यांखाली ती पिवळी टोपी सापडली. बाहुलीला घालायला हवी म्हणून ती आईकडे घेऊन गेली. सुनेने त्या संध्याकाळी तिला सगळे सांगितले. तुला एक दादा होता, तो नऊ दिवस होता, ही त्याची टोपी. आजी स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी गॅस बारीक केला आणि तिथेच उभ्या राहिल्या. नातीने विचारले, ही आजीने केली का? नाही, सून म्हणाली, कुणी केली ते माहीत नाही.

त्यानंतरच्या माघात गाडी नेहमीप्रमाणे पहाटे पाचला निघाली. कळंबोली गेल्यावर आजींनी पांघरुणाचा चौकोन बाहेर काढला. गडद निळा, तिसरी बाजू चालू होती.

"आई," सून म्हणाली, "टोपीची सुई आणलीय का तुम्ही?"

आजींनी पिशवीत पुष्कळ वेळ शोधल्यासारखे केले. वास्तविक सुई वरच्याच कप्प्यात होती. सुती गोळाही होता, पांढरा.

सुनेने शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कधीतरी साखळी आणि खांब घातले होते, त्यानंतर हातात सुई धरली नव्हती. पहिला गोल तीनदा उसवला. खालापूरच्या टोलनाक्यावर अजून पहिलीच ओळ. बोरघाटात तिला खाली बघून मळमळले, तेव्हा आजींनी तिचा हात धरून बोटाने खांब कसे चाचपायचे ते दाखवले. "वर बघ. बाहेर बघ. बोटांना कळतं." लोणावळ्याला चहा झाला. पुण्याच्या बाह्यवळणावर वाहनांची रांग लागली आणि त्या खोळंब्यात दोन ओळी झाल्या. कात्रजच्या बोगद्यात सगळे गप्प होते. शिरवळ गेले, दुसरा खंडाळा आला, नातीने विनोद केला, बाबा हसले. खंबाटकीच्या वळणांवर सून ओठ हलवत टाके मोजत होती आणि तिची टोपी जेमतेम अर्धी झाली होती.

एरवी एवढ्या वेळात आजींची पुरी होते. त्या दिवशी त्यांचा निळा चौकोन मांडीवर तसाच पडून होता.

टोपी किणीलाही पुरी झाली नाही. एका बाजूला दोन खांब जास्त पडले होते, त्यामुळे ती किंचित तिरकी दिसत होती. उसवायची का, सुनेने विचारले. आजींनी टेप काढून घेर मोजला, टोपी उलटी करून आतून बोट फिरवले, कुठे गाठ लागते का ते पाहिले आणि म्हणाल्या, "राहू दे. मापात आहे."

मग ती कुठे द्यायची यावरून दोघींचे बोलणे सुरू झाले. सुनेचे म्हणणे रुग्णालयात. आजींना मात्र मगाशी रस्त्यालगतच्या कोपीपुढे उभी असलेली एक पोर आठवत होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल, कमरेवर हात ठेवून उभी, दिवस भरत आलेले. परत येताना तिथे थांबायचे का? पण एवढी लहान टोपी पुऱ्या दिवसांच्या बाळाला बसणार नाही, त्याला वेगळे माप लागेल, नवी करावी लागेल.

"किती खांब?" सुनेने विचारले.

"साठ. आणि परतीला तीन दिवस आहेत."

पंचगंगेचा पूल अजून यायचा होता. सुनेने टोपीच्या राहिलेल्या दोन ओळी घालायला घेतल्या. नातीने पलीकडच्या खिडकीतून बारावा कानिफनाथ मोजला.